मोरिनी की स्टायर? दहा मीटर एअर पिस्तूल निवडताना कुठली पायरी आधी, कुठली नंतर

नवीन पिस्तुलाची पेटी रेंजवर उघडली की भोवती गर्दी होते. वर्षाच्या आत त्यातल्या काही पेट्या विकायला निघतात. तेव्हा पिस्तूल बहुधा उत्तम स्थितीत असतं, फक्त ते त्या हाताचं नसतं. निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी कंपनी ठरली, मग विक्रेत्याकडे असेल त्या मापाची ग्रिप (हातात धरायची मूठ) आली, मग ट्रिगरशी जमवून घेतलं, आणि आपला हात कसा आहे हा विचार शेवटी झाला.

हा लेख आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर एअर पिस्तूल प्रकारापुरता आहे, आणि आपल्याकडे पालक आणि नेमबाज ज्या दोन नावांत अडकतात त्यांच्याबद्दल: स्वित्झर्लंडची मोरिनी आणि ऑस्ट्रियाची स्टायर. दोन्ही पिस्तुलं तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी अचूक आहेत. शिकंज्यात घट्ट धरून मारली तर दोन्हींचे सगळे शॉट दहाच्या रिंगणात बसतात. म्हणून ‘चांगलं कुठलं’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. एखादी गाळलीत तर पुढचीचं उत्तर चुकतं.

सुरू करण्याआधी

क्लबच्या पिस्तुलावर किमान सहा महिने नियमित सराव झालेला असावा. होल्ड, म्हणजे नेम धरून हात स्थिर ठेवणं, बसलेला नसताना कुठलंही पिस्तूल एक दिवस छान वाटतं आणि दुसऱ्या दिवशी परकं. लहान मुलांच्या बाबतीत मी याहून जास्त थांबायला सांगतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा हात दीड वर्षात एक माप पुढे जातो, आणि साधारण किलोभर वजन एका हाताने लांब धरायला खांदा आधी तयार व्हावा लागतो.

जमवायच्या वस्तू: शिवणकामाची टेप, ट्रिगर तपासायचं ५०० ग्रॅमचं वजन (रेंजवर असतं), एकाच बॅचचे पेलेटचे (छऱ्यांचे) दोन डबे, एक वही. शिवाय दोन्ही कंपन्यांचं एकेक पिस्तूल, तुमच्या मापाच्या ग्रिपसह, दोन-दोन दिवसांसाठी उसनं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीला किंवा कोल्हापुरात दुधाळीला सराव करत असाल तर विचारायला लाजू नका. आपल्या पिस्तुलाबद्दल बोलायला नेमबाजांना आवडतं, आणि समोर उभं राहून दोन तास वापरू देणारे लोक भेटतात.

> तपासा: उसन्या पिस्तुलाची ग्रिप मालकाने घासून किंवा पुट्टी लावून स्वतःच्या हातासारखी केली आहे का? केली असेल तर ते पिस्तूल तिसऱ्या पायरीपर्यंत तुम्हाला फसवेल. मूळ ग्रिप मिळते का बघा.

पायरी १: नियमांची चौकट पाठ करा

ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम. सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटर. ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. तळव्याखालचा आडवा आधार, ज्याला आपण पाम शेल्फ म्हणतो, तो ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करून वर वळलेला चालत नाही. सिलिंडर, म्हणजे पिस्तुलाला लावायची दाबाच्या हवेची टाकी, उत्पादकाने दिलेल्या मुदतीतला हवा, आणि ही मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं.

कारखान्यातून आलेली दोन्ही पिस्तुलं या चौकटीत बसतात. उपकरण तपासणीत लोक अडकतात ते दोन कारणांनी: घरी ग्रिपवर केलेली कारागिरी आणि जुन्या पिस्तुलासोबत आलेला मुदत संपलेला सिलिंडर.

पायरी २: आधी हात मोजा

पिस्तूल धरायचा हात सपाट ठेवा. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी तळव्याचा घेर टेपने घ्या. मग मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. सकाळी एकदा आणि तासभर सरावानंतर एकदा, दोन्ही आकडे वहीत लिहा. एप्रिल-मे महिन्यात हात सुजतो, डिसेंबरच्या सकाळी आक्रसतो. पुण्यातल्या माणसालाही हा फरक ग्रिपमध्ये जाणवतो.

विक्रेत्याला ‘मीडियम द्या’ म्हणू नका. हे दोन आकडे द्या आणि त्या मॉडेलच्या मापतक्त्यात ते कुठे बसतात ते विचारा. एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या मीडियमसारखं असेल असं गृहीत धरू नका.

माझ्या पहिल्या पिस्तुलाला मी विक्रेत्याच्या शब्दावर एक माप मोठी ग्रिप घेतली होती. ‘मोठी असेल तर भरून घेता येते,’ असं त्याने सांगितलं, आणि ते अर्धं खरं होतं. तळव्याकडची पोकळी भरता येते. पण ट्रिगरपर्यंतचं अंतर जास्त असलं की बोट ट्रिगरवर तिरकं पडतं, आणि ते पुट्टीने सुधारत नाही. माझं वर्ष त्यात गेलं.

ग्रिप हातात घेतल्यावर या क्रमाने बघा:

1. अंगठा आणि तर्जनीमधली खाच ग्रिपच्या मागच्या वळणात पूर्ण वर बसली का? तिथे फट राहिली तर प्रत्येक वेळी हात वेगळ्या उंचीवर बसेल.
2. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खाली टेकतं का? पिस्तूल त्याच्यावर पेललेलं असावं.
3. अनामिका आणि करंगळी नुसती गुंडाळलेली हवीत. त्यांनी आवळावं लागत असेल तर ग्रिप मोठी आहे.
4. पाम शेल्फ शेवटी वर सरकवा, हात टेकेपर्यंतच. तळवा चेपला जाईल इतका आवळू नका.
5. आता तर्जनी बघा. पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरच्या मध्यावर सरळ मागे दाबू शकतो का? बोटाची बाजू ग्रिपच्या लाकडाला कुठेही घासायला नको.

> सावधान: चाचणी चालू असताना पाम शेल्फ आधी घट्ट करू नका. घट्ट शेल्फमुळे चुकीच्या मापाची ग्रिपही पहिल्या दिवशी ‘मस्त बसली’ असं वाटतं. चाळीसाव्या शॉटला हात बधिर होतो तेव्हा चूक कळते.

पायरी ३: डोळे मिटून उचला

माझ्या मते पिस्तूल निवडण्याची ही सगळ्यात प्रामाणिक परीक्षा आहे, आणि तिला एकही पेलेट लागत नाही. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची नळीतली रंगीत खूण) काढा, नळी सुरक्षित दिशेला म्हणजे टारगेटकडेच ठेवा. नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा. डोळे मिटा, हात टारगेटच्या उंचीपर्यंत उचला, एक श्वास थांबा, मग डोळे उघडा. काहीही न हलवता फ्रंट साइट (पुढची माशी) रिअर साइटच्या (मागच्या पट्टीच्या) खाचेत कुठे आहे ते पाहा.

मध्यात आणि वरच्या कडा सारख्या असतील तर मनगट आणि ग्रिप एकमेकांना ओळखतात. फ्रंट साइट खाली बुडालेली असेल किंवा वर डोकावत असेल तर ग्रिपचा पुढचा-मागचा कोन तुमच्या मनगटाला जुळत नाही. डावीकडे-उजवीकडे असेल तर ग्रिपला आडवं वळण हवं आहे. हे दहा वेळा करा आणि दहाही वेळा कुठे आली ते वहीत टिपा. एकदा बरोबर येणं निरुपयोगी आहे. दहापैकी आठ वेळा एकाच जागी येणं, मग ती जागा थोडी चुकीची असली तरी, ही मोठी गोष्ट आहे, कारण ठरलेली चूक कोन बदलून काढता येते. रोज वेगळी येणारी चूक काढता येत नाही.

मग त्या मॉडेलवर ग्रिपचा कोन किती आणि कुठल्या दिशांना बदलता येतो ते मालकाकडून किंवा कोचकडून समजून घ्या. बदला आणि पुन्हा दहा वेळा उचला. दुसऱ्या पिस्तुलावर हेच करा. इथेच निकाल स्पष्ट लागणारे बरेच जण मी पाहिले आहेत. अशा वेळी पुढच्या पायऱ्या फक्त खात्रीसाठी उरतात.

नेहमीची चूक: डोळे उघडल्यावर मनगट हळूच सरळ करून ‘बरोबर आली’ असं लिहिणं. शेजारी कुणाला तरी उभं करा.

पायरी ४: ट्रिगर म्हणजे कंपनी नव्हे

या जोडीबद्दल सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. ‘मोरिनी म्हणजे इलेक्ट्रॉनिक, स्टायर म्हणजे मेकॅनिकल’ असं सर्रास सांगितलं जातं. मोरिनीचं गाजलेलं सीएम १६२ ईआय इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं आहे हे खरं, आणि स्टायरची एलपी १० आणि इव्हो १० ही मेकॅनिकल ट्रिगरची म्हणून ओळखली जातात हेही खरं. पण मोरिनीची मेकॅनिकल आवृत्ती आहे आणि स्टायरची इलेक्ट्रॉनिकही आहे. तेव्हा ट्रिगरचा निर्णय आणि कंपनीचा निर्णय हे वहीत दोन वेगळ्या पानांवर ठेवा.

तुलना करण्याआधी दोन्ही ट्रिगर सारखे लावून घ्या. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो: पहिल्यात बोट अडेपर्यंत येतं, दुसऱ्यात शॉट सुटतो. एकावर पहिला टप्पा लांब आणि दुसऱ्यावर आखूड असेल तर तुम्ही सेटिंगची तुलना कराल, पिस्तुलाची नाही. एकूण वजन ५१० ते ५२० ग्रॅमच्या आसपास ठेवा. बरोबर ५०० वर ठेवणारे तपासणीच्या टेबलापाशी घाम पुसताना दिसतात. या एकूण वजनातला मोठा भाग पहिल्या टप्प्यात, साधारण तीन चतुर्थांश, आणि उरलेला दुसऱ्यात ठेवलात तर सुरुवातीला सोपं जातं. ट्रिगर स्टॉपही (शॉट सुटल्यावर ट्रिगरला अडवणारा स्क्रू) दोन्हीकडे सारखा ठेवा. उसन्या पिस्तुलाचे स्क्रू मालकाला विचारल्याशिवाय फिरवू नका, आणि फिरवण्याआधी मूळ स्थितीचा फोटो काढा.

आता पांढऱ्या भिंतीसमोर प्रत्येकी पन्नास वेळा ड्राय करा, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर ओढा. टारगेट नको, फक्त साइट्स. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट हलते का एवढंच पाहायचं. दोन्ही पिस्तुलांत ड्राय फायरची सोय आहे, पण रीत वेगळी आहे. ती मालकाकडून शिकून घ्या, अंदाजाने लिव्हर ओढू नका.

माझं मत स्पष्ट सांगतो. दुसऱ्या टप्प्यावर येऊन बोट गोठतं, शॉट सुटतच नाही, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांना इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा रोज एकसारखा तुटणारा बिंदू मदत करतो. बोटाने पुढे काय येतंय ते चाचपत जाणाऱ्यांना मेकॅनिकल ट्रिगर जास्त बोलका वाटतो. इलेक्ट्रॉनिक घेणाऱ्याने बॅटरीची जोड कायम पेटीत ठेवावी आणि सराव संपल्यावर स्विच बंद करावा. मेकॅनिकल घेणाऱ्याने महिन्यातून एकदा वजन तपासावं, कारण धूळ बसते आणि स्क्रू हळूहळू सरकतात.

> तपासा: ५०० ग्रॅमचं वजन उचलताना नळी सरळ वर धरलेली हवी, आणि पिस्तूल हवेच्या दाबासह कॉक केलेलं हवं, पेलेट न भरता. नुसत्या ड्राय स्थितीत वजन उचललं गेलं म्हणून तपासणीत उचललं जाईलच असं नाही.

पायरी ५: धक्का आणि तोल

स्टायरच्या या पिस्तुलांत एक छोटं वजन शॉटच्या वेळी उलट दिशेला सरकतं आणि धक्का जिरवतं. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. सीएम १६२ मध्ये अशी यंत्रणा नाही, त्यामुळे सुटताना एक बारीकशी उसळी जाणवते. ‘धक्का नाही म्हणजे स्टायर चांगलं’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवणं) पक्का असलेल्या काही नेमबाजांना ती उसळीच सांगते की शॉट कसा गेला. काहींना मात्र ती त्रास देते, आणि ते पुढच्या शॉटला आधीच ग्रिप आवळतात. तुम्ही कुठल्या गटात आहात ते फ्रंट साइटवर लक्ष ठेवून दहा शॉट मारल्यावर कळतं.

तोलाबद्दल थोडक्यात: नळीकडे जड पिस्तूल आडवं कमी डुलतं, पण खांदा लवकर थकवतं. दोन्ही कंपन्यांच्या आखूड आवृत्त्याही असतात. मुलांनी आणि खांद्याचा त्रास असलेल्यांनी त्या आधी हातात घ्याव्यात.

साइट्ससाठी एकच सूचना. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना दिसणारा उजेड तुमच्या डोळ्यांना आरामदायक होईल इतकी खाच रुंद करा, आणि दोन्ही पिस्तुलांवर ती सारखी ठेवा.

पायरी ६: चार दिवस, चार मॅच

पहिल्या पिस्तुलाला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘ब’ म्हणा. पहिल्या दिवशी अ, दुसऱ्या दिवशी ब, तिसऱ्या दिवशी पुन्हा ब, चौथ्या दिवशी अ. असा उलटसुलट क्रम ठेवल्याने सराव वाढल्याचा फायदा एकाच पिस्तुलाच्या खात्यात जात नाही. रोज १५ मिनिटं तयारी आणि सायटिंग (साइट्स जुळवायचे, न मोजायचे शॉट), मग ७५ मिनिटांत ६० शॉट. वेळ तीच, लेन शक्यतो तीच, पेलेट एकाच बॅचचे. ‘प्रत्येक नळीला वेगळा पेलेट लागतो’ हे खरं असलं तरी दहाचं रिंगण ११.५ मिलिमीटरचं आहे आणि तुमचा होल्ड त्याहून मोठा फिरतो. पेलेटची बारीक निवड पिस्तूल घेतल्यानंतर करायची.

प्रत्येक मॅचनंतर वहीत इतकंच:

- सहाही सिरीजची (दहा-दहा शॉटच्या गटांची) बेरीज
- आठ किंवा त्याखालचे शॉट किती
- नेम धरून शॉट न मारता हात किती वेळा खाली घेतला
- शेवटच्या दहा शॉटला हाताचा कुठला भाग दुखत होता

आता वाचायचं कसं ते बघा. समजा ‘अ’वर ९३, ९४, ९२, ९०, ८८, ८९ आले, म्हणजे ५४६. ‘ब’वर ९१, ९१, ९०, ९२, ९१, ९०, म्हणजे ५४५. बहुतेक जण ‘अ’ उचलतील, कारण एक गुण जास्त आणि ९४ ची सिरीज डोळ्यांत भरते. मी ‘ब’ घ्यायला सांगेन. ‘अ’ चौथ्या सिरीजपासून घसरतंय, याचा अर्थ ते धरून ठेवायला हाताला कष्ट पडताहेत, आणि खऱ्या मॅचमध्ये ताण वाढला की ही घसरण आणखी आधी सुरू होईल. ‘ब’ तुम्हाला एका पातळीवर उभं करतंय. तिथून वर जाणं सरावाचं काम.

शॉट कुठे पडले तेही पाहा. उजव्या हाताच्या नेमबाजाचे खराब शॉट खाली-डावीकडे जात असतील तर बोटाने झटका दिला आहे. एकाच पिस्तुलावर हे होत असेल तर बोट आणि ट्रिगरमधलं अंतर पुन्हा मोजा.

> सावधान: नवीन वस्तूचा उत्साह दोन-तीन दिवस टिकतो. पहिल्या दिवसाच्या आकड्यावर आगाऊ रक्कम देऊ नका.

पायरी ७: सिलिंडर, अडॅप्टर, दुरुस्ती

दोन्ही पिस्तुलं २०० बारपर्यंत भरलेल्या हवेवर चालतात, पण भरायचे अडॅप्टर वेगळे असतात. तुमच्या रेंजवर मोठ्या सिलिंडरला कुठला अडॅप्टर लावलेला आहे ते आज जाऊन पाहा. नसेल तर पिस्तुलासोबतच मागवा. अडॅप्टरअभावी पंधरा दिवस बंद पेटीत पडलेलं नवंकोरं पिस्तूल मी पाहिलं आहे. सोबत दुसरा सिलिंडरही घ्या.

हवा हळूहळू भरा. घाईने भरली की सिलिंडर तापतो, आणि थंड झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. हातपंप वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, पाणी अडवणारा फिल्टर लावल्याशिवाय भरू नये. आत गेलेला दमटपणा सील आणि झडप खातो. आणि ऑक्सिजन कधीही नाही. वैद्यकीय नाही, वेल्डिंगचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाच्या कणाशी भेटला तर स्फोट होतो.

जुनं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडर २०० बारला भरा, गेजचा फोटो काढा आणि २४ तासांनी पुन्हा काढा. एकदा सिलिंडर पिस्तुलाला लावून, एकदा काढून ठेवून. लावल्यावरच काटा उतरत असेल तर गळती पिस्तुलात आहे, सिलिंडरमध्ये नाही.

मग विचारा: बिघडलं तर कोण उघडणार, आणि सुटे भाग किती दिवसांत येतील? उपकरण कुणाचंही बिघडू शकतं. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मॅच चालू असताना बिघडलं आणि मोलाची मिनिटं त्यात गेली. तुमच्या क्लबात जी कंपनी जास्त जण वापरतात तिला इथे एक खरा गुण मिळतो: ऐनवेळी सील, अडॅप्टर, कधी अख्खं पिस्तूल शेजारच्या लेनवरून मिळतं. आधीच्या सहा पायऱ्यांत बरोबरी झाली असेल तर या एका कारणावर निर्णय घ्या.

पायरी ८: कागद

आर्म्स रूल्स २०१६ नुसार नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा सुमारे ६ ज्यूल असते. तरीही खरेदीचं बिल, ओळखपत्र आणि क्लबचं सदस्यत्व पेटीत ठेवा. बाहेरून मागवायचं असेल तर आयातीचे नियम पैसे भरण्याआधी राज्य असोसिएशनकडून समजून घ्या. विमानाने जाताना विमान कंपनीला आधी कळवा, सिलिंडर रिकामा करा.

घरी पिस्तूल कुलपात ठेवा, पेलेट वेगळ्या जागी. सहा ज्यूल डोळा कायमचा घालवायला पुरेसे आहेत.

पायरी ९: पहिले पाचशे शॉट

पेटी उघडल्यावर ग्रिपला कानस लावू नका. पाचशे शॉट तशीच वापरा आणि कुठे घासतं, कुठे पोकळ लागतं ते पेन्सिलने लाकडावरच खुणा करून ठेवा. पहिल्या शंभरात टोचणारी जागा चारशेनंतर बऱ्याचदा टोचत नाही, कारण तुमची पकड बदललेली असते. जी खूण पाचशेनंतरही त्याच जागी असेल तिथेच हात लावा: आधी पुट्टीने भरणं, मग कागदाने घासणं, एका वेळी एकच बदल आणि मधे किमान दोन सराव. लाकूड काढणं सगळ्यात शेवटी.

याच काळात तिसऱ्या पायरीतली डोळे मिटायची परीक्षा दर आठवड्याला एकदा करा आणि त्याच वहीत लिहा. आणि पहिल्याच दिवशी, शॉट मारण्याआधी, सिलिंडरवरची तारीख वाचून दहावं वर्ष कुठलं ते कागदावर लिहा आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.